मालवणात पाच दिवस, सोबत विशीतली दोन मुलं: हातपाय हलतील असं काय करावं?

शेवंती
जानेवारीत संक्रांतीच्या आधीचे पाच दिवस (शुक्र ते मंगळ) सगळ्यांना जमताहेत. मुलगी २४ वर्षांची, बंगळूरहून मोपाला (गोव्याचा नवा विमानतळ) विमानाने उतरेल आणि तसंच परत जाईल. मुलगा २०, आमच्यासोबत पुण्याहून गाडीने. आम्ही दोघं पन्नाशीपार, पैकी नवऱ्याचा डावा गुडघा कुरकुरतो. पोहायला चौघांनाही येतं, पण तलावातलं.
मुलांची अट: देऊळ-किल्ला-बाजार-जेवण-झोप असली सहल नको, रोज काहीतरी अंगमेहनतीचं हवं. माझी अट: सगळे धडधाकट परत यावेत.
प्रश्न: (१) मालवण-तारकर्लीला एकच मुक्काम ठोकावा की अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली यावं? (२) स्कूबा खरंच काही शिकवतात की नुसते फोटो? (३) सायकलचं काय?

कोकमसार
एकच मुक्काम. पाच दिवसांत पुणे-मालवण जाण्यायेण्यालाच दीड दिवस जातो. उरलेल्या साडेतीन दिवसांत रोज बॅगा भरायच्या आणि उपसायच्या म्हटलं की अंगमेहनत होईल खरी, पण डिकीपाशी.

चाकजोडी
असहमत. कोकणचा किनारा चालत्या चाकावरूनच पाहावा. दिघी ते गुहागर तीन दिवसांत आरामात होतं. पहिला दिवस दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडला-वेशवी जंगल जेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) खाडी ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णै. तिसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे जेटीने पलीकडे आणि गुहागर. रोज पन्नास-साठ किलोमीटर.
आकडा बघून फसू नका. इथे रस्ता किनाऱ्याला धरून सपाट जात नाही. प्रत्येक खाडीपाशी उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, चढायचं. सड्यावर सावली नाही आणि जांभा दहा वाजल्यापासून तापायला लागतो. चढ लांब नसतात, पण अंगावर येतात. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी यांचं गुणोत्तर एकास एकच्या आसपास (समजा ३४ ला ३४) नसेल तर सायकल ढकलावी लागेल. टायर ३२ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. पाणी माणशी तीन लिटर घेऊन निघायचं.

अर्धा_चहा
"तीन दिवसांत आरामात" आणि "अंगावर येतात" ही दोन वाक्यं एकाच प्रतिसादात. सायकलवाल्यांना साष्टांग.

खाडीकाठ
चाकजोडींचा मार्ग उत्तम आहे, पण तो चार सायकलस्वारांसाठी. इथे एक गुडघा आणि एक बंगळूरचं विमान आहे. मुलीची सायकल कोण आणणार? भाड्याची घेऊन खाडीपलीकडे गेलात तर परत कुठे करणार? तेव्हा मालवण.
एक गोष्ट आधी ठरवा: दिवस घड्याळावर आखायचा नाही, भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर आखायचा. शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे, तोही मंद. किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं सपाट असतं. अकराच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्राकडून यायला लागतो. दुपारी दोन-तीनला पाण्यावर पांढरे फेस दिसतात. जे काही पाण्यातलं असेल ते अकराच्या आत उरका. दुपार जेवण-झोपेला, सायकल आणि चालणं चारनंतर.

शेवंती
अकराच्या आत! माझी मुलं अकराला उठतात.

कोकमसार
आईने "सातला उठा" म्हटलं तर कोणी उठत नाही. "बोट साडेसातला सुटते, थांबत नाही" असं बोटवाल्याने सांगितलं की उठतात. बुकिंग मुलाच्या नावाने आणि त्याच्याच फोनवरून करा, म्हणजे सकाळी फोन त्यालाच येईल.

तळपाणी
स्कूबाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे गैरसमज फार.
मालवणात "स्कूबा" म्हणून जे सर्रास मिळतं ती अनुभवापुरती बुडी. किल्ल्याजवळच्या खडकांवर बोट नांगरतात, पंधरा मिनिटांची तोंडी माहिती देतात, मग प्रशिक्षक तुमच्या सिलिंडरला धरून पाच-सात मीटर खाली नेतो. तुम्ही पोहत नाही, नेले जाता. यात वाईट काही नाही, पण याला डायव्हिंग शिकणं म्हणत नाहीत. शिकायचं असेल तर ओपन वॉटर कोर्स. त्याला तीन-चार दिवस लागतात, न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं दाखवावं लागतं, समुद्रात चार बुड्या होतात, पुढे १८ मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आधी तलावात सराव होतो. तुमच्या पाच दिवसांत कोर्स घेतला तर बाकी सगळं विसरायचं. एकाने कोर्स घ्यायचा आणि तिघांनी किनाऱ्यावर बसायचं, हेही नको. चौघांनी अनुभवाचीच बुडी घ्या, फक्त जागा पारखून.
पारखायचं असं: एका प्रशिक्षकाकडे एकच माणूस आहे का. खाली जाण्याआधी उथळ पाण्यात श्वासाचा आणि मुखवट्यात शिरलेलं पाणी काढायचा सराव करून घेतात का. बोटीवर ऑक्सिजन आहे का. आणि तब्येतीचा फॉर्म खरोखर वाचतात का, की नुसती सही घेतात.
आता कान. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे पहिल्या दोन-तीन मीटरांतच कानाचा पडदा आत ओढला जायला लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात "टक्" होतं. हे दुखायला लागल्यावर करायचं नाही. डोकं पाण्याखाली गेल्या क्षणापासून दर हात-दीड हात खोलीला करत राहायचं. दुखलं की थांबा, अर्धा मीटर वर या, पुन्हा फुंका. जोर लावून फुंकलात तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी रद्द. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणंही धोक्याचं, कारण खाली असताना तिचा असर उतरला तर वर येताना हवा कोंडते.
दुसरा नियम: श्वास रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगत असते.

अर्धा_चहा
आणि खाली "मस्त चाललंय" म्हणून अंगठा दाखवलात तर?

तळपाणी
तर तुम्हाला वर आणतील आणि पैसे गेले म्हणून तुम्ही भांडाल. :) पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "वर चला". सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. काही बिनसलं तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग जिथे त्रास आहे तिकडे बोट दाखवायचं. कानाकडे, मुखवट्याकडे, जिकडे असेल तिकडे.

निवांत
मिशीवाल्यांच्या मुखवट्यात पाणी शिरतं म्हणतात. खरं का?

तळपाणी
खरं. मुखवट्याची सिलिकॉनची कड त्वचेला चिकटायला हवी, मध्ये केस आले की तिथून झिरपतं. नाकाखाली व्हॅसलीनचा थर द्या. बायकांच्या कपाळावरच्या बटांनीही हेच होतं, तिथे पट्टा बांधण्याआधी बोट फिरवून केस बाहेर काढायचे. मुखवटा पारखायचा तर पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा. पाणी शिरलंच तर वरची कड कपाळावर दाबून, मान थोडी वर करून, नाकाने जोरात श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. चष्मेवाल्यांनी मऊ लेन्स घालून उतरायला हरकत नाही, पाणी काढताना डोळे मिटायचे एवढंच.

सडा
अवांतर होईल, पण महत्त्वाचं आहे. तो तब्येतीचा फॉर्म मुलांना एकट्याने भरू द्या. दमा, फिट, चालू असलेली औषधं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, सगळं त्यात विचारलेलं असतं. चोवीस वर्षांच्या मुलीला आईच्या खांद्याआडून किंवा वीस वर्षांच्या मुलाला बापाच्या नजरेखाली काही उत्तरं खरी लिहिता येत नाहीत. मग "नाही, नाही, नाही" अशी खुणांची रांग होते. आईवडिलांनी तेवढ्या वेळात किनाऱ्यावर चहा प्यावा.

खाडीकाठ
सडा, शंभर टक्के सहमत. तसंच आदल्या रात्रीचं. प्यायलेल्या माणसाने सकाळी बुडी घ्यायची नाही, आणि याचा हिशोब मुलांनी प्रशिक्षकाला द्यायचा, घरच्यांना नाही.

पुणेरी_पाटी
महाराष्ट्रात कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, बिअरला २१. म्हणजे धागाकर्तीच्या घरात मुलीला बिअरपुरती परवानगी आणि मुलाला सोलकढी. प्रश्न मिटला.

कोकमसार
माझ्या नावाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

रानवाटा
पॅरासेलिंग, बनाना राइड, बंपर राइड यांचा कुणीच उल्लेख केला नाही म्हणून करतो: टाळा. बनाना राइडमध्ये व्यायाम होतो तो फक्त मोटारबोटीच्या इंजिनाला. मुलांना मेहनत हवी असेल तर वल्हं द्या हातात.

खाडीकाठ
वल्ह्यावरून कयाक. देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. कयाक खाडीच्या बाजूला चालवा, समुद्रात नाही. वरच्या अंगाला जा, कांदळवनाच्या कडेने, जिथे बगळे-खंड्या दिसतात.
नवशिक्याचा वेग ताशी तीन-चार किलोमीटर. दोन तासांत जाऊन-येऊन सहा किलोमीटर पुष्कळ झाले. दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे, कारण दिशा मागचा ठरवतो. पुढच्याने फक्त लय धरायची, मागच्याने तीच लय पकडायची. वल्ही एकमेकांवर आपटली की समजा मागचा पुढच्याकडे बघत नाहीये. ओढ दंडाने नाही, कमरेतून वळून. नाहीतर अर्ध्या तासात मनगटं भरून येतात.
चुकतं कुठे? लोक संगमाकडे (खाडी समुद्राला मिळते तिकडे) जातात, त्सुनामी आयलंड नावाचा वाळूचा पट्टा बघायला. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर धावत असतं, अकरानंतर वारा समुद्रातून आत येतो. दोन्ही समोरासमोर आले की संगमावर लाटा आखूड आणि उभ्या होतात. कयाक तिथे आडवं झालं की उलटलंच. तिकडे जायचं तर मोटारबोटीने जा.
लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, पाण्यात तोंडावर येईल. बकल लावलं म्हणजे झालं असं नाही, बाजूचे पट्टे ओढून घट्ट करायचे.

निवांत
मागे आई आणि पुढे मुलगा बसला तर?

अर्धा_चहा
सूचना मागून येत राहतील. घरी चालतं तसंच.

शेवंती
:) वाचतेय सगळं. पण ही भरती-ओहोटी कळायची कशी? दर वेळी कुणाला विचारायचं?

सडा
कालनिर्णय उघडा. तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, मध्ये बारा वाजता ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शुद्ध-वद्य दोन्हींना तोच हिशोब. रोज पाऊण तास पुढे. हा हिशोब मुंबईच्या बाजूचा, मालवणात भरती त्याच्या थोडी आधी येते. मिनिटांचा आग्रह असेल तर इन्कॉइसच्या (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर तक्ता मिळतो, लाटांच्या उंचीचा अंदाजही तिथेच दिसतो. तो निघण्याच्या आदल्या दिवशी बघाच.
पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं-उतरतं, ओढ जास्त, गाळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त.

पुणेरी_पाटी
पंचांगाचा पहिला वैज्ञानिक उपयोग या धाग्यावर नोंदवला गेला. वाचनखूण साठवली.

तळपाणी
सडा यांनी माझं काम सोपं केलं. बुडीसाठी भांगाचे दिवस चांगले, कारण खाली दिसतं. आणि त्यातही भरती पूर्ण होण्याच्या आगेमागे, कारण तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. चांगल्या दिवशी पाच-सात मीटरपर्यंत नजर जाते. अंदमानचे फोटो डोक्यात ठेवून उतरू नका.

रानवाटा
चालण्यासाठी: भोगवे ते निवती. देवबागहून होडीने कर्लीच्या मुखापलीकडे भोगव्याच्या पुळणीवर उतरायचं (रस्त्याने मोठा वळसा पडतो), तिथून दक्षिणेला चालत निवतीच्या किल्ल्यापर्यंत. रमतगमत तीन तास. पुळणीचा भाग ओहोटी लागलेली असताना चाला, म्हणजे ओली घट्ट वाळू मिळते. सुक्या वाळूत पोटऱ्या पेटतात. नंतर टेकाडावरून वाट आहे, तिथे जांभ्यावरचा बारीक खडा पायाखाली बॉलबेअरिंगसारखा सरकतो. चप्पल चालणार नाही, पकड असलेले बूट हवेत. किल्ला छोटाच आहे, पण वरून दोन्ही बाजूंच्या पुळणी एका नजरेत दिसतात.
ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी गाडी घेऊन परुळ्यामार्गे निवतीला यावं आणि जेवण सांगून ठेवावं. भुकेल्या मुलांसमोर बापाची पत वाढायला याहून सोपा मार्ग नाही.

कोकमसार
किल्ला नको म्हणणाऱ्या मुलांना सिंधुदुर्गावर मात्र न्याच. १६६४ ते १६६७ मध्ये कुरटे बेटावर बांधलेला, ४८ एकरांचा. मार्गदर्शकामागून हिंडण्याऐवजी तटावरून फेरी मारा, जवळजवळ तीन किलोमीटर भरते आणि चढउतार आहेच. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या विहिरी. जलविज्ञानाचा तास तिथे घ्यावा, देवळातल्या रांगेत नाही.

मासळीबाजार
रापण कुणालाच कशी आठवली नाही? मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर सकाळी रापण लागलेली असेल तर जाऊन उभे राहा. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ करून येते, जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि वीस-पंचवीस माणसं दोन रांगांत ते ओढतात. आधी विचारायचं, "आम्ही हात लावू का?" नाही म्हणत नाहीत सहसा. ओढायचं हातांनी नाही. दोर कमरेशी धरून, टाचा वाळूत रोवून, अंग मागे टाकायचं. पाणी जाळ्याला परत खेचतं तेव्हा फक्त धरून ठेवायचं, लाट आत येते तेव्हा ओढायचं. नवे लोक नेमकं उलटं करतात आणि दहा मिनिटांत तळव्यांना फोड आणतात. दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात, शेवटी जाळ्याचा खोळ दिसतो. तास-दोन तास जातात, आणि जिममधल्या कुठल्याही यंत्रावर असा पाठीचा व्यायाम होत नाही.
फोटो काढण्यासाठी दोर हातात घेऊन पाच मिनिटांत सोडू नका, तेवढी लाज ठेवा. मासळी विकत घ्या, फुकट मागू नका.

अर्धा_चहा
मुलांना मेहनत हवी होती ना? घ्या.

चाकजोडी
हरलो, मालवण तर मालवण. तिथल्या तिथे सायकल: मालवण ते देवबाग बारा-तेरा किलोमीटर, सपाट, संध्याकाळी करा. दमदार हवं असेल तर कोळंब पुलावरून हडी, तोंडवळी करत आचरा, जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस. भाड्याची सायकल घेताना तीन गोष्टी बघा: मागचं-पुढचं दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकला, चाक फिरलं तर नको. चाक उचलून फिरवा, ब्रेकला घासतंय का. आणि सीटची उंची: टाच पॅडलवर ठेवली की पॅडल तळाला असताना पाय सरळ झाला पाहिजे. गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा सीट खाली असल्याने. कुरकुरत्या गुडघ्यासाठी हलका गिअर आणि भरभर पाय, जड गिअरवर उभं राहून दाबणं नको. उलट चालण्यापेक्षा सायकल त्यांना सोसेल.

निवांत
लाटांवर फळीवर उभं राहायचं ते इथे होतं का? मुलं ते विचारतीलच.

खाडीकाठ
जानेवारीत मालवणच्या बाजूला लाटा किरकोळ. त्यासाठी गोवा, किंवा त्याहून बरं म्हणजे कर्नाटकातलं मुल्की. वेगळी सहल करा. पाच दिवसांत सगळं कोंबू नका.
पोहण्याबद्दल एकच: तलावात येतं म्हणून समुद्रात येतं असं नाही. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत दिसला तर तो पोहायला चांगला नसतो, तिथूनच पाणी खोल समुद्राकडे परतत असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या आणि मग वळा. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत चाला. वाळूत पाकट बसलेलं असलं तर सरकून जातं, पाय पडला तर नांगी मारतं. लागलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

शेवंती
सगळ्यांचे खूप आभार. आमचे दिवस पंचांगात वद्य सप्तमी ते एकादशी येतात, म्हणजे भांगच! आराखडा असा केलाय:
शुक्र, सप्तमी: पोहोचणं, संध्याकाळी तारकर्ली.
शनि, अष्टमी: सकाळी रापण दिसली तर, संध्याकाळी देवबाग सायकल.
रवि, नवमी: कयाक.
सोम, दशमी: भोगवे-निवती.
मंगळ, एकादशी: सकाळी आठला स्कूबा (अकरा पाऊणे सव्वाआठ, जमलं ना गणित?), मग आवरून मुलीला चारच्या विमानासाठी मोपाला सोडून आम्ही आंबोलीमार्गे पुणे.

पुणेरी_पाटी
एकादशीला स्कूबा. दुप्पट पुण्य. माशांना नुसतं बघायचं.

तळपाणी
गणित बरोबर, दिवस चूक! बुडीनंतर विमान नाही. खाली दाबाखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो, वर आल्यावर तो हळूहळू निघतो. त्याआधीच हवेचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. एका बुडीनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त झाल्या तर १८ तास थांबायचं. आठला बुडी आणि चारला विमान, मुलीला हे चालणार नाही.

शेवंती
अरे देवा. मग तिची एकटीचीच आदल्या दिवशी घेते. आम्ही तिघं गाडीनेच जाणार, आमची मंगळवारी राहू दे?

तळपाणी
तुमचीही नको. आंबोली ६९० मीटरवर आहे. विमानासाठी जो थांबायचा नियम आहे तो साधारण ६०० मीटरच्या वर गाडीने चढतानाही पाळायचा असतो. गगनबावड्याने गेलात तरी तेच. पाच-सात मीटरच्या एका छोट्या बुडीत धोका कमी असतो हे खरं, पण नियम पाळायला काहीच पडत नाही, फक्त दोन दिवसांची अदलाबदल. कोकणातून देशावर जाणारे सगळे हे विसरतात, कारण घाट म्हणजे उंची हे कुणाच्या डोक्यातच नसतं.

सडा
अदलाबदल अशी करा. कयाक अष्टमीला सकाळी: भरती सहाला होऊन ओहोटी लागलेली असेल, पण भांग असल्याने ओढ नावापुरती. ताजेतवाने असताना तिच्या उलट वर जा, येताना पाणी मदतीला. साडेदहाच्या आत परत, नाहीतर वारा तोंडावर येतो. भोगवे-निवती नवमीला: सकाळपासून एकपर्यंत ओहोटी, घट्ट वाळू मिळेल. स्कूबा दशमीला: दहा पाऊणे साडेसात, आणि मालवणात त्याच्या थोडं आधीच. रापण आणि सायकल मंगळवारी सकाळी, तिला कुठलंच बंधन नाही. मोपा गाडीने दोन-अडीच तास, अकराला निघालात तरी पुरे.

रानवाटा
भोगव्याची होडी आदल्या दिवशी ठरवा आणि सोडणार कुठे, परत नेणार की नाही, हे स्पष्ट विचारा. तुम्हाला एकेरीच हवी आहे. आणि फोन, चावी, पाकीट पाणी न शिरणाऱ्या गुंडाळी पिशवीत. पिशवीचं तोंड तीनदा गुंडाळून मगच बकल लावायचं, एकदा गुंडाळून लावलं की पाणी शिरतंच.

चाकजोडी
मंगळवारी सकाळी सायकल असेल तर आचऱ्याकडे नको, वेळ पुरणार नाही. देवबागच.

शेवंती
ठरलं. शनि कयाक, रवि भोगवे-निवती (नवरा गाडीने, जेवणाची जबाबदारी त्याची, तो खूश), सोम स्कूबा, मंगळ रापण किंवा सायकल. सोमवारी बोट किती वाजता सांगू?

तळपाणी
बोट साडेसातला. मुलांना सात सांगा.